रोमन स्त्री आणि तिचे साक्षीदार

रोमन स्त्रियांविषयीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनांत बहुधा दोन चित्रें असतात. एक ल्युक्रीशियाचें. राजपुत्रानें बलात्कार केल्यावर पित्यास व पतीस बोलावून आणणारी, सूड उगवण्याची शपथ त्यांच्याकडून घेणारी आणि मग आपल्याच हातानें छातींत सुरा खुपसून घेणारी ही साध्वी. तिच्या प्रेतावरून रोमचें राजशासन उलथून पडलें, असें इतिहासकार लिव्ही सांगतो. दुसरें चित्र मेसलायनाचें. सम्राट् क्लॉडियसची ही पत्नी, पति जिवंत व राज्यावर असतां, इ. स. ४८ मध्यें दुसऱ्या पुरुषाशीं विधिपूर्वक लग्न लावते आणि त्यापायीं प्राणास मुकते. ह्या दोन बायकांमधील साडेपांचशें वर्षांचें अंतर पाठ्यपुस्तकांत एका सोप्या गोष्टीनें भरून काढलेलें असतें. आधीं साधेपणा होता, तोंवर स्त्रिया लोकर कातीत घरांत राहिल्या आणि पतिव्रता राहिल्या. मग साम्राज्य आलें, संपत्ति आली, स्त्रियांना स्वातंत्र्य मिळालें, आणि स्वातंत्र्याबरोबर रोमचें शील गेलें. ही गोष्ट आम्ही विद्यार्थिदशेंत वाचली, पुढें पुष्कळ वर्षें वर्गांत तिचे पडसाद ऐकले, आणि आपल्या इकडील स्त्रियांच्या वारसाहक्काच्या वादांतही ती दाखल्यादाखल पुढें केलेली पाहिली. म्हणून ती गोष्ट मुळांत कोणाची, हें एकदां तपासून पाहणें अगत्याचें वाटतें.

ती रोमन पुरुषांची आहे. लिव्हीनें आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेंतच शीलाच्या उतरत्या पायऱ्या वाचकापुढें मांडून ठेवल्या आहेत, आणि तो लिहीत होता तो काळ ऑगस्टसचा, म्हणजे राज्यकर्ता स्वतःच जुन्या शीलाच्या नांवानें कायदे करीत होता तो. रोमन वाङ्मयांत स्त्रियांविषयीं लिहिलेलें पुष्कळ आहे. स्त्रियांनीं लिहिलेलें जवळजवळ कांहीं उरलेलें नाहीं. ग्रॅकस बंधूंची माता कॉर्नेलिया हिच्या पत्रांची भाषा सिसरोसारख्या पंडितानें वाखाणली. तीं पत्रें गेलीं, तिच्या नांवावर सांगितले जाणारे कांहीं उतारे तेवढे राहिले, आणि ते खरोखर तिचेच काय ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. सल्पिशिया नांवाच्या कवयित्रीच्या सहा लहानशा कविता वांचल्या, त्या टिब्युलस ह्या कवीच्या संग्रहांत मिसळून गेल्या म्हणून. खटला एका पक्षाचा आणि साक्षीदार सारे दुसऱ्या पक्षाचे, अशी ही स्थिति आहे. अशा खटल्यांत साक्षीदार काय बोलतो ह्यापेक्षां तो कोठें अडखळतो तें पाहावें लागतें.

प्रथम नांवाची गोष्ट घेऊं. थोर कुळांतील रोमन पुरुषाला बहुधा तीन नांवें असत. त्याच्या मुलीला सामान्यतः एकच, आणि तेंही तिचें स्वतःचें नव्हे, कुळाचें. त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला कीं झालें. क्लॉडियस कुळांतील प्रत्येक मुलगी क्लॉडिया, कॉर्नेलियस कुळांतील प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया. घरांत दोघी असल्या तर एक थोरली व एक धाकटी. आणखी झाल्या तर तिसरी. सिसरोचें कुळ टुलियस, म्हणून ज्या लेकीवर त्यानें जीव टाकला, जिच्या मृत्यूनंतर तो कित्येक महिने माणसांत आला नाहीं, तिचें नांव टुलिया. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल होती व कांहीं घरीं ती अद्याप आहे; रोमन मुलीला बदलण्यासारखें नांवच नव्हतें. परंतु ह्या उपेक्षेला एक दुसरी बाजू आहे. लग्न झाल्यावरही तिचें कुळनांव तेंच राही. नवऱ्याच्या घरीं राहून ती नांवानें बापाच्याच घरची राहिली. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील साऱ्या प्रकरणाची किल्ली तींत आहे.

इ. स. पू. ४५१-४५० च्या सुमारास झालेल्या बारा फलकांच्या कायद्यांत असें ठरलें होतें कीं, स्त्री वयांत आली तरी तिनें पालकाच्या देखरेखीखालीं राहावें. अपवाद फक्त व्हेस्टा देवीच्या कुमारिका पुजारिणींचा. बाप जिवंत असेपर्यंत ती बापाच्या सत्तेंत. ही सत्ता मुलग्यांवरही तेवढीच होती आणि जीव घेण्यापर्यंत पोंचे, हें विसरतां नये. लग्नानें ती नवऱ्याच्या सत्तेंत जाई. ह्या सत्तेला लॅटिनमध्यें शब्द आहे 'मॅनस', म्हणजे हात. आपल्या पाणिग्रहणांत हात वधूचा असतो व तो वरानें धरावयाचा असतो; रोमन कायद्यांत हात नवऱ्याचा, आणि वधू त्या हाताखालीं जाते. ह्या हाताखालीं जाण्याचे मार्ग तीन. पहिला मार्ग धार्मिक : दहा साक्षीदारांसमक्ष एका जुन्या जातीच्या गव्हाची पोळी देवाला अर्पून. दुसरा तागडीचा : पांच साक्षीदार व एक तागडी धरणारा ह्यांच्यापुढें विक्रीचा देखावा करून. आणि तिसरा मार्ग वहिवाटीचा. पडक्या शेतावर दोन वर्षें ताबा ठेवला म्हणजे तें जसें आपलें होतें, तशी एक वर्ष अखंड घरांत राहिलेली बायको नवऱ्याच्या हाताखालीं जाते! उपमा आमची नव्हे. जमिनीच्या वहिवाटीचा व बायकोच्या वहिवाटीचा नियम एकाच कायद्यांत, एकाच शब्दानें सांगितलेला आहे.

पण त्याच कायद्यानें एक फटही ठेविली. ज्या स्त्रीला नवऱ्याच्या हाताखालीं जावयाचें नसेल तिनें दर वर्षीं लागोपाठ तीन रात्री घराबाहेर काढाव्या; म्हणजे वहिवाट तुटली. तीन रात्री! कायद्याच्या इतिहासांत ह्याहून साधी व ह्याहून मोठ्या परिणामाची युक्ति क्वचितच आढळेल. ह्या तीन रात्रींतून पुढें असा विवाह निघाला कीं ज्यांत स्त्री बायको तर होते, पण नवऱ्याच्या सत्तेंत जातच नाहीं. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकांत हाच विवाह रूढ झाला.

येथें विचारावयाचें तें हें कीं, त्या तीन रात्री कोणाच्या सोयीच्या होत्या? सुनेची काळजी वाटून कोणी कायदे करीत नसतो. रोमन कायद्यांत मृत्युपत्रावांचून बाप वारला तर मुलगीही मुलाच्या बरोबरीनें वारस होई. ही तरतूद अति जुनी आहे, आणि तिच्यांतच सारा पेंच आहे. मुलगी नवऱ्याच्या हाताखालीं गेली म्हणजे जें काय तिचें असेल तें नवऱ्याच्या कुळांत गेलें. बापाच्या कुळाला हें कसें रुचावें? तेव्हां मुलगी द्यावी पण तिची मालमत्ता देऊं नये, अशी सोय पाहिजे होती, आणि तीन रात्रींनीं ती करून दिली. हात न देतां मुलगी दिली. ती कायद्यानें बापाच्या सत्तेंत राहिली. आणि बाप मरतो! तो मेला म्हणजे वर नवऱ्याची सत्ता नाहीं, बापाची नाहीं. वीसपंचवीस वर्षांची स्त्री स्वतःच्या नांवावरील शेतें, गुलाम, घरें, ठेवी घेऊन कायद्यापुढें एक स्वतंत्र व्यक्ति म्हणून उभी. पतिपत्नींनीं एकमेकांस दिलेल्या देणग्याही कायदा निरर्थक ठरवी, इतकीं दोन घरें निराळीं. दोन कुळांतील पुरुष एकमेकांवर विश्वास ठेवीत नव्हते, त्या अविश्वासाच्या भेगेंतून रोमन स्त्रीचें स्वातंत्र्य उगवलें. कोणीं तें पेरलें नव्हतें.

सिसरोच्या पत्रांतून हें डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याची बायको टेरेन्शिया धनवान्. तिचा हिशेब तिचा मुक्त केलेला दास पाही, सिसरो नव्हे. इ. स. पू. ५८ मध्यें सिसरो हद्दपार झाला, तेव्हां ती स्वतःची एक मिळकत विकून पैसा उभा करूं पाहत होती, आणि तो परदेशांतून तिला तसें न करण्याविषयीं विनवीत होता. कारण विकली तर मुलाला काय राहील? हुकूम नव्हे, विनवणी. पुढें तीस वर्षांचा संसार मोडला, तेव्हां हुंड्याची रक्कम परत करण्याची यातायात ह्या थोर वक्त्याला पुरी पडली. आणि त्यानें लगोलग एका श्रीमंत पोरवयाच्या मुलीशीं लग्न केलें तें कर्जें भागविण्यासाठीं, असें त्याच्याच विश्वासू लेखकाचें म्हणणें प्लुटार्कनें नोंदून ठेविलें आहे. ह्याच सिसरोनें एका खटल्यांतील भाषणांत कायदेपंडितांची थट्टा केली आहे कीं, पूर्वजांनीं सगळ्या स्त्रियांना पालकांच्या मुठींत ठेविलें, आणि ह्या लोकांनीं स्त्रियांच्या मुठींत राहणारे पालक शोधून काढले! पालकाची संमति हा इ. स. पू. ६३ मध्येंच कचेरींतला शेरा होऊन बसला होता, हें ह्या थट्टेवरून उघड होतें. वक्त्याची थट्टा हा कित्येकदां इतिहासकाराच्या गंभीर वाक्याहून चांगला पुरावा असतो.

आतां लिव्हीकडे वळूं. हॅनिबलनें कॅनी येथें रोमन सैन्याची कत्तल केली, त्याच्या दुसऱ्या वर्षीं, इ. स. पू. २१५ मध्यें, ओपियसचा कायदा झाला : कोणा स्त्रीनें अर्ध्या औंसाहून अधिक सोनें बाळगूं नये, जांभळ्या काठांचीं रंगीत वस्त्रें नेसूं नयेत, धर्मकार्याखेरीज नगरांत घोड्यांच्या गाडींत बसूं नये. लढाई संपली, पुरुषांनीं पुन्हां जांभळे काठ लाविले. कायदा मात्र राहिला. वीस वर्षांनीं, इ. स. पू. १९५ मध्यें, तो रद्द करण्याची सूचना आली तेव्हां स्त्रिया रस्त्यावर आल्या. नवऱ्यांचे हुकूम मोडून, गांवोगांवाहून येऊन, त्यांनीं चौकाकडे जाणाऱ्या साऱ्या वाटा अडविल्या आणि येत्याजात्या पुरुषाला गांठून मत मागितलें. त्या वर्षींचा कॉन्सल केटो ह्यानें विरोधी भाषण केलें. तें भाषण प्रसिद्ध आहे व आजही भाषांतरित होतें. प्रत्येकानें आपापली बायको घरीं आवरली असती तर हा प्रसंग येता ना. एकदां ह्या बरोबरीच्या झाल्या कीं वरचढ होतील. हा त्याचा मथितार्थ.

हें भाषण केटोचें म्हणून सांगितलें जातें, पण तें लिव्हीचें आहे. केटो बोलल्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळानें लिव्हीनें तें रचलें. ह्याचा पुरावा खुद्द लिव्हीच देतो. केटोला उत्तर देणारा ट्रिब्यून व्हॅलेरियस हा त्याच्याच 'ओरिजिनेस' ह्या इतिहासग्रंथांतील दाखले त्याच्या तोंडावर मारतो. आणि तो ग्रंथ केटोनें उतारवयांत, ह्या वादानंतर कित्येक वर्षांनीं, लिहावयास घेतला! असली चूक लिव्हीसारख्या कलावंताच्या हातून घडते, कारण त्याला इ. स. पू. १९५ मधील सभा लिहावयाची नव्हती. स्वतःच्या काळांतील चिंता एका जुन्या कठोर पुरुषाच्या तोंडीं घालावयाची होती. तेव्हां प्राचीन रोमनांना स्त्रियांविषयीं काय वाटे ह्याचा पुरावा म्हणून हें भाषण पुढें करणें म्हणजे ऐतिहासिक नाटकांतील संवाद बखर म्हणून वाचणें होय.

आम्हांस केटोपेक्षां व्हॅलेरियसचें भाषण अधिक बोलकें वाटतें. तो स्त्रियांचा कैवारी. त्याचें म्हणणें काय, तर ह्यांना अधिकारपदें नाहींत, विजयोत्सव नाहींत, लुटीचा मान नाहीं. दागिने व वस्त्रें हींच काय तीं ह्यांचीं मानचिन्हें, तीं तरी असूं द्या. पुढें तो धीर देतो कीं, भिऊं नका, घरचीं माणसें जिवंत असतां स्त्रियांचें दास्य कधीं सुटत नसतें, आणि वैधव्यानें वा पोरकेपणानें मिळणारी मोकळीक त्यांना स्वतःलाच नकोशी असते. दास्य हा शब्द त्यानें वापरला आहे. विरोधकानें नव्हे, वकिलानें. रोमन वाङ्मयांत स्त्रियांची बाजू घेणारा उत्तमांतला उत्तम वक्ता एवढ्याच पायरीवर येऊन थांबतो. कायद्यानें त्यांना जें दिलें होतें त्याला भाषेंत नांव नव्हतें. मत मात्र स्त्रियांनीं जिंकलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं विरोधी ट्रिब्यूनांच्या दारांना वेढा दिला आणि त्यांनीं नकाराधिकार सोडीपर्यंत तो उठविला नाहीं. कायदा रद्द झाला.

टॅसिटसनें इ. स. २१ मधील अशाच एका वादाची हकीकत दिली आहे. सेव्हेरस सिसिना ह्या सरदारानें सेनेटमध्यें सूचना आणली कीं, प्रांताधिकाऱ्यांनीं बायका बरोबर नेऊं नयेत. त्याचा स्वतःचा संसार गोडीचा होता, सहा मुलें झालीं होतीं, आणि चाळीस मोहिमांत त्यानें बायकोला इटलीबाहेर पाऊल टाकूं दिलें नव्हतें, हें टॅसिटस इतक्या सरळ चेहऱ्यानें सांगतो कीं वाचकाला हसूं आवरत नाहीं. सूचना बारगळली.

स्त्रीनें स्वतः केलेल्या भाषणांपैकीं एकाचा तरी सुगावा लागतो. इ. स. पू. ४२ मध्यें तिघा सत्ताधीशांनीं लढाईच्या खर्चासाठीं १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसविला. ह्या स्त्रिया आधीं सत्ताधीशांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनची बहीण व अँटनीची आई ह्यांनीं त्यांचें ऐकून घेतलें, अँटनीची बायको फुल्व्हिया हिनें दारावरून हांकलून दिलें. तेव्हां त्या थेट चौकांत शिरल्या आणि प्रख्यात वक्ता हॉर्टेन्शियस ह्याची मुलगी हॉर्टेन्शिया ही त्यांच्या वतीनें बोलली. अधिकारपदांत, सेनापतित्वांत, राज्यकारभारांत आमचा वांटा नाहीं, तर तुमच्या आपसांतील भांडणाचा कर आम्हीं कां भरावा, हा तिच्या भाषणाचा रोख, असें ॲपियन सांगतो. ॲपियन ग्रीक, तोही जवळजवळ दोनशें वर्षांनंतरचा. शब्द तिचे राहिले असतील हें संभवत नाहीं. तथापि क्विंटिलियन हा वक्तृत्वाचा शिक्षक साक्ष देतो कीं, तें भाषण त्याच्या काळीं वाचलें जाई, आणि तें केवळ बाईचें म्हणून नव्हे. कराचा आंकडा १४०० वरून ४०० स्त्रियांवर आला. व्हॅलेरियसच्या युक्तिवादाशीं हा ताडून पाहावा. पदें नाहींत, ही एकच वस्तुस्थिति दोघांनीं मांडली. त्यानें तिच्यावरून दागिने मागितले. तिनें राज्यकर्त्यांना जाब विचारला.

ज्युव्हेनलच्या सहाव्या उपहासकाव्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सातशेंच्या आंतबाहेर ओळींचें हें काव्य, लग्न करूं नये असें एका मित्राला पटविण्यासाठीं रचलेलें. त्यांत व्यभिचारिणी आहे, विष घालणारी आहे, आणि त्यांच्याच पंगतीला जेवतांना व्हर्जिल व होमर ह्यांची तुलना करणारी विदुषीही बसविली आहे. ज्या कवीला विषप्रयोग आणि व्याकरण हे सारखेच अपराध वाटतात, त्याची जबानी रोमन स्त्रियांच्या नीतीविषयीं किती धरावयाची हें वाचकांनींच ठरवावें. काव्य म्हणून तें जोरकस आहे, ह्यांत शंका नाहीं.

आतां कायद्याच्या बाजूचा एक साक्षीदार. आणि तो मिळाला हीच नवलाची गोष्ट. दुसऱ्या शतकांतील गायस ह्या कायदेपंडितानें विद्यार्थ्यांसाठीं एक पाठ्यपुस्तक लिहिलें. तें लुप्त झालें होतें. १८१६ मध्यें नीबूर ह्या जर्मन इतिहासकाराला व्हेरोना येथील ग्रंथालयांत संत जेरोमच्या पत्रांचें एक हस्तलिखित दिसलें. चर्मपत्र खरवडून त्यावर पत्रें लिहिलीं होतीं आणि खालच्या पुसट अक्षरांत गायस दडला होता. ह्या गायसनें पालकत्वाच्या प्रकरणांत लिहिलें आहे कीं, स्त्रिया चंचलबुद्धीमुळें फसतात म्हणून त्यांना पालक हवा, हें कारण दिसावयास बरें पण खरें नव्हे. कारण प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार आपणच करतात आणि पालकाची संमति हा पुष्कळ प्रसंगीं निव्वळ उपचार असतो. हा शिक्षक कोणाचा कैवार घेत नाहीं. रोज डोळ्यांपुढें दिसत होतें तेवढें त्यानें लिहिलें, आणि तेवढ्यानें केटोपासूनचा सारा अभिनिवेश गळून पडला. त्याच्या काळापर्यंत पालकत्वाचेंही बरेंचसें उरलें नव्हतें. तीन मुलांच्या मातेला, आणि दासीपणांतून मुक्त झालेली असेल तर चार मुलांच्या मातेला, ऑगस्टसनें त्यांतून सूट दिली होती; बापाकडील भाऊबंदांचें पालकत्व क्लॉडियसनें काढून टाकलें होतें.

ऑगस्टसची ही सूट म्हणजे बक्षीस होतें, हक्क नव्हे. त्याला प्रजा पाहिजे होती. इ. स. पू. १८ च्या सुमारास त्यानें व्यभिचार हा घरचा अपराध होता तो सरकारी गुन्हा केला. बायको दोषी आढळली असतां तिला न सोडणारा नवरा कुंटणखान्याच्या मालकासारखा दंडनीय ठरला. पतीनें दासीशीं केलेला संग मात्र व्यभिचारच नव्हे. ह्याच कायद्यांच्या जनकावर इ. स. पू. २ मध्यें स्वतःची मुलगी ज्युलिया हिला एका ओसाड बेटावर पाठविण्याची पाळी आली. अविवाहितांना शासन करणारा इ. स. ९ चा कायदा ज्या दोघां कॉन्सलांच्या नांवें झाला ते दोघेही ब्रह्मचारी होते, हें डिओ ह्या इतिहासकारानें नोंदल्यावांचून सोडलें नाहीं.

स्वातंत्र्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. मत नाहीं, पद नाहीं. दुसऱ्याकरितां न्यायासनापुढें बोलण्याची बंदी. पहिल्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्याला जामीन राहण्याचीही बंदी. पण ह्या सर्वांहून लक्षांत भरते ती एक गोष्ट. नवऱ्याच्या हाताखालीं न गेलेली स्त्री कायद्यानें त्याच्या कुळाची नव्हती. तेव्हां तिच्या पोटचीं मुलेंही कायद्यानें तिचीं नव्हतीं. मृत्युपत्र न करितां ती वारली तर मिळकत तिच्या माहेरच्या भाऊबंदांकडे जाई, मुलांकडे नव्हे. मुलें आईचीं पहिलीं वारस, असें रोमन सेनेटनें ठरविलें तें इ. स. १७८ मध्यें! मालमत्तेनें तिला मोकळें केलें, आणि तिच्या मोबदल्यांत सहाशें वर्षें तिचें मातृत्व कागदावरून पुसून ठेविलें. शिवाय ही सर्व कथा स्वतंत्र व मालमत्ता असलेल्या स्त्रीची. दासीला लग्नच नव्हतें. तिचें मूल तिच्या धन्याची मिळकत. रोमन स्त्रियांचे अधिकार असें आपण सरसकट म्हणतों तेव्हां घरोघर दळण, धुणें, लोकर करणाऱ्या ह्या बायका आपल्या वाक्यांत नसतात.

ह्या विषयाचा आपल्याशीं खरा संबंध एका ग्रंथकाराच्या द्वारें आला. 'एन्शंट लॉ' हा ग्रंथ १८६१ मध्यें लिहून दुसऱ्याच वर्षीं व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसभासद म्हणून हिंदुस्थानांत आलेले सर हेन्री मेन ह्यांनीं रोमन विवाहितेच्या स्वातंत्र्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली आहे. १८७५ च्या व्याख्यानांत त्यांनीं आपल्या स्त्रीधनाशीं त्याची तुलनाही केली. स्त्रीधनाची कल्पना हिंदूंत रोमनांच्या मानानें आधींच्या अवस्थेंत उदयास आली, पण ती तेथल्यासारखी वाढली नाहीं, उलट आकसत गेली, असा त्यांचा निष्कर्ष. हें निरीक्षण मार्मिक आहे. मात्र रोमन स्वातंत्र्याचें जें कारण ते देतात तें आम्हांस पटत नाहीं. कायदेपंडितांनीं निसर्गसिद्ध न्यायाच्या तत्त्वावरून स्त्रीपुरुषांची समता गृहीत धरली, असें ते म्हणतात. गायसच्या वाक्यांत ह्या तत्त्वाचा वास आहे खरा. पण गायस हा शेवटीं येतो. तीन रात्रींची युक्ति त्याच्या आधीं सहाशें वर्षांची, टेरेन्शियाचा हिशेब दोनशें वर्षांचा. व्यवहार आधीं झाला, तत्त्व मागाहून त्याच्या अंगावर घातलें गेलें. तत्त्वावर उभें असतें तर जामिनकीची बंदी त्याच काळांत कशी आली असती? मुलीला मुलाबरोबर वांटा ही बारा फलकांइतकी जुनी तरतूद होती, तत्त्वज्ञानाइतकी नव्हे. आपल्याकडे १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला वारस केलें, आणि २००५ मध्यें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत ती मुलाच्या बरोबरीची जन्मसिद्ध वांटेकरी झाली. हे दोन्ही कायदे तत्त्व बोलून, वाद घालून झाले. अजूनही तिच्याकडून भावाच्या नांवें हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई सर्वत्र दिसते. रोममध्यें व्यवहारानें दिलें आणि वाङ्मय कुरकुरत राहिलें. येथें कायद्यानें दिलें आणि व्यवहार कुरकुरतो आहे. ह्या दोहोंना एकाच गोष्टीचे दाखले समजणें ही मेनसाहेबांच्या वाचकांची नेहमींची चूक.

ग्रंथकार व कायदेपंडित दोघेही बाजूला ठेवून एका दगडाकडे पाहावें. ऑगस्टसच्या काळांतील एका मृत स्त्रीच्या पतीनें केलेलें भाषण संगमरवरावर कोरलें गेलें. त्याचे तुकडे रोममध्यें निरनिराळ्या ठिकाणीं सांपडले. पूर्वीच्या विद्वानांनीं तिला तुरिया म्हटलें. पण शिलालेखाच्या उरलेल्या भागांत नांव नाहीं, आणि आतां ती ओळख निश्चित मानीत नाहींत. लग्नाच्या आधींच तिच्या आईबापांचा खून झाला. भावी पति परदेशांत. तिनें व बहिणीनें खुन्यांना शासन होईपर्यंत पिच्छा पुरविला. मग नातलग उभे राहिले : बापाचें मृत्युपत्र रद्द आहे, म्हणून सारी मिळकत व ही मुलगी आमच्या पालकत्वाखालीं यावी. बहीण नवऱ्याच्या हाताखालीं गेलेली, सबब तिला कांहींच नाहीं. पालकत्व म्हणजे दुर्बलांचें संरक्षण असें कायद्याचीं पुस्तकें म्हणत. तें कशासाठीं मागितलें जाई हें ह्या दगडावर वाचावें. तिनें मृत्युपत्र खरें ठरविलें आणि बहिणीचा वांटाही राखला.

पुढें पति मृत्युदंडाच्या यादींत गेला. तिनें त्याला लपविलें, क्षमापत्र मिळविलें, आणि तें पत्र घेऊन सत्ताधीश लेपिडसच्या पायां पडली असतां त्यानें तिला दासीसारखी फरफटवीत नेवविलें. अंगावर वळ उठले तरी ती पत्रांतील शब्द मोठ्यानें सांगत राहिली. शेवटचा भाग निराळ्याच धैर्याचा आहे. मूल झालें नाहीं. तेव्हां तिनेंच सुचविलें कीं, मी घटस्फोट घेतें, तुमच्यासाठीं योग्य वधू मीच पाहतें, तिचीं मुलें माझींच समजेन, आणि माझी मिळकत निराळी काढणार नाहीं. हें ऐकून भान हरपावयाची वेळ आली, असें पति सांगतो. त्यानें नकार दिला. एक्केचाळीस वर्षें संसार झाला आणि ती आधीं गेली, ह्याबद्दल तो चारचौघांत, दगडावर, रडतो. भाषणाच्या आरंभीं लोकर कातणें, गृहदक्षता, साधा पोशाख हे ठराविक गुण त्यानें एका दमांत उरकून टाकले आहेत, कारण ते हरएक बाईच्या थडग्यावर असतात असें तोच म्हणतो. लिव्हीची सबंध साध्वी त्या उरकलेल्या ओळींत मावते. मात्र हाही पुरुषाचाच आवाज आहे, हें खरें.

तिचा स्वतःचा आवाज कोठें? इंग्लंडच्या उत्तर सीमेवर विंडोलंडा ह्या लष्करी ठाण्याच्या चिखलांत शाईनें लिहिलेल्या पातळ फळ्या सांपडल्या आहेत. १९८५ मध्यें निघालेली एक फळी इ. स. १०० च्या आगेंमागें लिहिलेली आहे. क्लॉडिया सेव्हेरा ही एका अधिकाऱ्याची बायको, सल्पिशिया लेपिडिना ह्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचें आमंत्रण करते; तूं आलीस तर तो दिवस मला अधिक आनंदाचा होईल, असा भाव. सिसिनाची सूचना मान्य झाली असती तर ह्या दोघी तेथें नसत्या. पत्र कारकुनाच्या वळणदार अक्षरांत आहे. खालीं उजव्या कोपऱ्यांत चार ओळी निराळ्या हाताच्या, थोड्या वेड्यावांकड्या. त्यांत ती मैत्रिणीला बहीण म्हणते आणि तिची वाट पाहत असल्याचें लिहिते. स्त्रीच्या हातचें म्हणून ओळखलें गेलेलें जुन्यांत जुनें लॅटिन अक्षर तें हेंच, असें तज्ज्ञ मानतात. फळी सध्यां लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे.